उमेदवार दारात आला की दिव्यांगांबद्दल काय विचारायचं?

गेल्या अंकात दिव्यांगांचे हक्क आणि निवडणूक या विषयावर आम्ही वाचकांचे प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत. सुरुवातीला एक आकडा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांवर त्यांची सरासरी काढली, तर दर मतदारसंघात लहानमोठी मिळून दहा हजारांवर माणसं येतात. ही मोजणी झाली तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि त्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार अस्तित्वात नव्हते. इतक्या लोकांबद्दल उमेदवाराला काय वाटतं, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे, मग घरात कोणी दिव्यांग असो वा नसो.

आमच्याकडच्या तिन्ही प्रमुख उमेदवारांच्या पत्रकांवर 'दिव्यांग बांधवांसाठी विशेष योजना' एवढी एकच ओळ आहे. कोणाची भूमिका काय, हे ओळखायचं कसं? (वाचक, बार्शी)

त्या ओळीवरून काहीच ओळखता येणार नाही. ती ओळ छापायला कोणालाही काही पडत नाही. उमेदवार समोर आला की आधी एवढंच बघा : तो जे देऊ म्हणतो आहे, ते कायद्याने आधीच दिलेलं आहे का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये आहे. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा कलम ३२ मध्ये आहेत. घरकुल, शेतजमीन वाटप आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के हिस्सा कलम ३७ मध्ये आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण कलम ३१ मध्ये आहे. त्यामुळे 'दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण देऊ' असं सांगणारा उमेदवार नवं काही देत नाही. त्याला विचारायचं ते अनुशेषाबद्दल : या राखीव जागांपैकी किती रिकाम्या आहेत, आणि त्या भरण्याची जाहिरात कोणत्या महिन्यात निघेल?

दुसरी गोष्ट म्हणजे तो कोणत्या सभागृहासाठी उभा आहे. आमच्या मते सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. लोक सरपंचपदाच्या उमेदवाराला पेन्शन वाढवायला सांगतात आणि खासदारकीच्या उमेदवाराला गल्लीतल्या रॅम्पबद्दल विचारतात. दोघंही मान डोलावतात, कारण दोघांनाही ते काम करायचं नसतं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दिव्यांगांना साहाय्य हा विषय राज्यसूचीत, ९ व्या नोंदीत आहे. अकराव्या अनुसूचीने तो पंचायतींकडे (नोंद २६) आणि बाराव्या अनुसूचीने नगरपालिका-महापालिकांकडे (नोंद ९) दिला आहे. दिव्यांग हक्कांचा कायदा मात्र संसदेचा आहे. म्हणून प्रश्नही पदाप्रमाणे वेगळा हवा.

लोकसभेच्या उमेदवाराला केंद्राच्या पेन्शनबद्दल विचारा. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे. तोही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना मिळतो. एरवी कायदा ४० टक्क्यांपासून हक्क देतो, मग इथेच ८० टक्के का? ही अट कमी करण्याचा मुद्दा तो संसदेत मांडेल का? दुसरा प्रश्न सुगम्यतेचा, म्हणजे इमारती, रस्ते, साहित्य दिव्यांगांना वापरता येण्याचा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात या कायद्याखालच्या केंद्राच्या नियमावलीतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मानकं त्या नियमात निव्वळ सूचनांसारखी होती, कायद्याला ती बंधनकारक हवी होती. न्यायालयाने नवे नियम करायला तीन महिने दिले होते. या विषयाची माहिती आहे का, एवढं विचारलं तरी उमेदवाराची तयारी कळते.

विधानसभेच्या उमेदवाराला संजय गांधी निराधार योजनेबद्दल विचारा. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. म्हणजे इतरांना १,५०० रुपये असतील तर दिव्यांगांना निदान १,८७५. कायदा २०१७ पासून लागू असूनही या योजनेत बराच काळ सगळ्यांना सारखेच १,५०० मिळत होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान २,५०० केलं, तेव्हा ही अट पूर्ण झाली. आता प्रश्न उरतो तो उत्पन्नाच्या मर्यादेचा. दिव्यांगांसाठी ती कुटुंबाच्या वार्षिक ५० हजारांची आहे. घरातला एक माणूस रोजंदारीवर वर्षभर कामाला गेला तरी कुटुंब या मर्यादेबाहेर पडतं. रक्कम वाढवण्याचं आश्वासन सगळेच देतील. ही मर्यादा किती करणार, हे आकड्यात सांगायला लावा.

नगरपालिका आणि ग्रामपंचायतींबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहेत.

उत्तर मिळालं की त्यात तीन गोष्टी शोधा : रक्कम, तारीख आणि कोणतं कार्यालय. 'प्रयत्न करू', 'पाठपुरावा करू', 'आम्ही तुमच्या पाठीशी' यांत तिन्ही नसतात. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांवर स्वतंत्र भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर तो आला. आश्वासनामागचं कारण आणि त्यासाठी पैसा कुठून आणणार, हे जाहीरनाम्यात दिसायला हवं, असं तो सांगतो. म्हणून 'पैसा अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षातून?' हा प्रश्न विचारताना संकोच नको.

ग्रामपंचायतीने दिव्यांगांवर ५ टक्के खर्च करायचा असतो असं ऐकलं आहे. आमच्या गावात दरवर्षी दिवाळीला डबे किंवा चादरी वाटतात. सरपंचपदाच्या उमेदवारांना काय विचारावं? (वाचक, अकोले तालुका)

बरोबर ऐकलं आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं, ते वाढवून ५ केलं गेलं. इथे 'स्वउत्पन्न' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची वसुली हे त्यात येतं. वित्त आयोगाचा निधी त्यात येत नाही. गावाचं स्वउत्पन्न ८ लाख असेल तर दिव्यांगांचा हिस्सा ४० हजार होतो. रक्कम छोटी आहे, म्हणूनच ती डब्यांवर उडवणं जास्त मनाला लागतं.

उमेदवाराला विचारण्याआधी गावाचे आकडे हातात घ्या. माहिती अधिकारात ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकाकडे, अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. मागायची माहिती अशी : गेल्या तीन आर्थिक वर्षांतलं स्वउत्पन्न, त्याचे ५ टक्के किती, त्यातली खर्च झालेली रक्कम वर्षनिहाय आणि बाबनिहाय, अखर्चित शिल्लक, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतल्या दिव्यांगांची संख्या. नावं मागू नका. खाजगी माहिती म्हणून नकार द्यायला निमित्त मिळतं. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ती उलटली किंवा उत्तर अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ते वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतं. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लिहून घेण्यात मदत करणं हे कलम ६ नुसार त्या अधिकाऱ्याचंच काम आहे.

हे सगळं निवडणुकीच्या तोंडावर सुरू करू नका. अर्ज, अपील आणि उत्तर यांत अडीच-तीन महिने सहज जातात.

आकडे आले की बहुतेक तीनपैकी एक चित्र दिसतं. एक, खर्च शून्य आणि शिल्लक साठत गेलेली. दोन, खर्च दाखवला आहे पण तो शाळेच्या रंगकामासारख्या सर्वसाधारण कामावर, 'दिव्यांगही वापरतात' या नावाखाली. तीन, सगळ्यांना सारखी वस्तू. हे तिसरं सगळ्यात जास्त आढळतं आणि त्यावर कोणी बोलत नाही, कारण वस्तू घेतलेल्या माणसाला तक्रार करणं अवघड जातं. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला डायपर आणि पाण्याची गादी लागते, कर्णबधिर तरुणाला श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या लागतात, आणि दोघांनाही स्टीलचा डबा मिळतो.

म्हणून सरपंचपदाच्या प्रत्येक उमेदवाराला विचारा : निवडून आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत गावातल्या दिव्यांगांची गरजनिहाय यादी करणार का? मागची शिल्लक कोणत्या तारखेपर्यंत खर्च करणार? रक्कम थेट खात्यात देणार का? उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात यावं यासाठी निवडणुकीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत तोच प्रश्न लेखी द्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. सभा पहिल्या मजल्यावर होत असेल तर ती खाली घ्यावी, ही मागणीही त्याच कागदावर लिहा.

आमचा प्रभाग चार सदस्यांचा आहे. प्रचाराला चौघं एकत्र येतात, आणि फूटपाथ-रॅम्पचं विचारलं की एकमेकांकडे बघतात. (वाचक, नाशिक)

चौघांना वेगवेगळा प्रश्न द्या. महापालिकेच्या हातात दोन मोठ्या गोष्टी आहेत : बांधकामाची परवानगी आणि रस्ता. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगीही देता येत नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रही देता येत नाही. पहिल्या उमेदवाराला विचारा, प्रभागातल्या नव्या इमारतींना भोगवटा देताना रॅम्प प्रत्यक्ष मोजला जातो का, आणि तो मोजण्याचा आग्रह तुम्ही नगररचना विभागाकडे धराल का. दुसऱ्याला जुन्या सार्वजनिक इमारतींबद्दल विचारा. कलम ४५ मध्ये त्या सुगम्य करायला पाच वर्षं होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. तुमचं विभागीय कार्यालय, दवाखाना, नाट्यगृह यांतलं काय उरलं आहे? तिसऱ्याला फूटपाथ, चौथ्याला सार्वजनिक शौचालय.

रॅम्पचं मात्र नीट समजून घ्या, कारण 'रॅम्प केला' हे सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम आहे. उतार १:१२ हवा, म्हणजे जितकी उंची त्याच्या बारा पट लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, त्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला दीड मीटरची सिमेंटची घसरगुंडी ओततात. तिचा उतार जवळपास १:३ चा होतो. त्यावर व्हीलचेअर चढवताना मागे उलटते, उतरताना हातातून सुटते. रुंदी किमान १.२ मीटर, वर आणि खाली व्हीलचेअर वळवायला दीड मीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. सगळ्यात वर दार आणि दाराला उंबरा असेल तर खालचं सगळं वाया गेलं.

फूटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवतात. दोन खांबांत ९० सेंटिमीटरपेक्षा कमी जागा सोडली की दुचाकी तिरकी करून जाते आणि व्हीलचेअर अडते. अंधांसाठी लावलेल्या पिवळ्या उठावाच्या फरशा विजेच्या पेटीवर नेऊन सोडलेल्या तर सगळ्याच शहरांत दिसतात. उमेदवाराला पदयात्रेतच त्या जागेवर थांबवा आणि टेप लावून दाखवा. सभेतल्या दहा मिनिटांच्या प्रश्नापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

विद्यमान आमदार-खासदार 'मी सभागृहात दिव्यांगांचा आवाज उठवला' म्हणतात. हे तपासता येतं का? (वाचक, सांगली)

येतं, आणि घरबसल्या येतं. लोकसभा-राज्यसभेतले प्रश्न आणि उत्तरं 'संसद डॉट इन' या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात. विधिमंडळाचं कामकाज महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतं. शोधताना एकाच शब्दावर थांबू नका. 'दिव्यांग', 'अपंग', 'मतिमंद', 'मूकबधिर', 'विशेष शाळा', 'यूडीआयडी' (दिव्यांगांचं ओळखपत्र) हे सगळे घालून बघा. जुन्या प्रश्नांत जुने शब्द आहेत.

सापडलेल्या प्रश्नाचं वजन ओळखता आलं पाहिजे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, त्यामुळे तारांकित यादीत येणं नशिबावरही आहे. ते नाही म्हणून सदस्याला नापास करू नका. विधानसभेत लक्षवेधी सूचना आणि अर्धा तास चर्चा यांना जास्त महत्त्व आहे, कारण तिथे मंत्र्यांना आश्वासन द्यावं लागतं आणि ते आश्वासन नोंदलं जातं. एकाच विषयावर दोन-तीन अधिवेशनांत परत विचारणं, हीच पाठपुराव्याची खरी खूण.

एक सावधानता. मंत्री, अध्यक्ष किंवा सभापती असलेले सदस्य प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या नावावर शून्य दिसलं तर ते उदासीन आहेत असा अर्थ काढू नका. मंत्र्यांबाबत त्यांच्या खात्याचे शासन निर्णय आणि प्रत्यक्ष खर्च बघा. अर्थसंकल्पात तरतूद, वितरित रक्कम आणि खर्च हे तीन वेगळे आकडे असतात. पत्रकावर नेहमी पहिला छापतात.

उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणं असतात. दिव्यांगांबद्दलची भूमिका त्यात नसते. काही उमेदवार आपली विशेष शाळा किंवा कार्यशाळा पुढे करतात. ते काम आहेच, पण शाळा अनुदानित असेल तर पगार सरकार देतं. तिथून बाहेर पडलेली मुलं आज काय करतात, हे विचारा.

पक्षांच्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की या विषयाला महाराष्ट्रात राजकीय वजन मिळू शकतं, हे दिसलेलं आहे. अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांनी तो सभागृहात आणि रस्त्यावर लावून धरला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. २०२४ मध्ये कडू निवडणूक हरले. एका आमदाराच्या जाण्याने विषय मागे पडू द्यायचा नसेल, तर तो प्रत्येक मतदारसंघात सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना विचारला गेला पाहिजे.

मी पूर्ण अंध आहे. पक्षांचे जाहीरनामे पीडीएफमध्ये येतात आणि स्क्रीन रीडर ते वाचत नाही किंवा भलतंच काही वाचतो. मतदानाच्या वेळी केंद्राध्यक्ष मदतनीस घ्याच म्हणून आग्रह धरतात. (वाचक, पुणे)

न वाचण्याची कारणं दोन आहेत. काही पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात, त्यात मजकूर नसतोच. दुसरं कारण खास आपल्याकडचं आहे : छपाईसाठी अजूनही श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. एनव्हीडीए किंवा टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर, तीच वाचतात. पहिल्या प्रकारात मराठीची सोय असलेलं ओसीआर (फोटोतून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर) काही प्रमाणात उपयोगी पडतं. दुसऱ्या प्रकारात मजकूर फॉन्ट परिवर्तकातून काढावा लागतो आणि जोडाक्षरं बिघडतात.

पण हा खटाटोप तुम्ही का करायचा? डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांना दिव्यांगांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. संकेतस्थळ आणि प्रचारसाहित्य सुगम्य असावं, सभांच्या जागा सुगम्य असाव्यात, हे त्यांत आहे. पक्षाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा : 'जाहीरनामा युनिकोडमधल्या वर्ड फाइलमध्ये द्या.' ज्या संगणकावर तो लिहिला गेला तिथे ती फाइल बहुतेक वेळा असतेच. पाठवायला दहा मिनिटं लागतात. किती दिवसांत पाठवतात, हेही त्या पक्षाच्या भूमिकेत धरा.

मतदानाबद्दल. मदतनीस घेणं हा तुमचा हक्क आहे, सक्ती नाही. मतदान यंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या निळ्या बटणाशेजारी ब्रेल अंक असतो. आधी ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागा. तिच्यावर उमेदवारांची नावं क्रमाने असतात. तुमच्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवा, यंत्रावर तो बोटाने शोधा. १५ पेक्षा जास्त उमेदवार असतील तर 'नोटा' धरून दुसरं यंत्र जोडलेलं असतं, ते आहे का हे आधीच विचारून घ्या. मतदानाचं सर्व साहित्य सुगम्य असण्याची जबाबदारी दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११ ने निवडणूक आयोगावर आणि राज्य निवडणूक आयोगांवरही टाकली आहे.

मदतनीस घ्यायचाच असेल तर निवडणूक संचालन नियमांतला ४९-एन बघा. मदतनीस किमान १८ वर्षांचा हवा. त्याने मत गुप्त ठेवण्याचं आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचाही मदतनीस न झाल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. एकाच पक्षाचा कार्यकर्ता चार-पाच अंध मतदारांचा हात धरून आत जात असेल तर ते नियमाविरुद्ध आहे. तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग आहे. प्रचाराला येणारे 'याचं मत नाही ना' असं माझ्यासमोर म्हणतात. खरंच नाही का? (एक आई, कोल्हापूर)

ताई, त्याचं मत आहे. मतदार यादीत नाव येण्याच्या आड त्याचं दिव्यांगत्व येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम १६ या बाबतीत फक्त अशा व्यक्तीला अपात्र ठरवतं, जी मनोविकल असल्याचं सक्षम न्यायालयाने जाहीर केलं आहे. डॉक्टरांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र म्हणजे ती घोषणा नव्हे. यूडीआयडी कार्ड म्हणजेही नव्हे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली तुम्ही स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घेतलं असेल, तर तेही न्यायालयाची घोषणा ठरत नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, 'नाव घालता येणार नाही' म्हणाले तर हे कलम लिहून दाखवा आणि नमुना ६ भरा. त्यात दिव्यांगत्वाची नोंद करण्याची जागा आहे. यादीत नाव आधीच असेल आणि ही नोंद राहिली असेल, तर नमुना ८ किंवा आयोगाचं 'सक्षम' ॲप वापरा.

एक अडचण आधीच सांगायला हवी. ४९-एन मधला मदतनीस अंध आणि शारीरिक दुर्बलता असलेल्या मतदारांसाठी आहे. त्यामुळे केंद्राध्यक्ष तुम्हाला आत सोडतीलच असं नाही. घरी सराव करून घ्या. उमेदवारांची चिन्हं कागदावर मतदान यंत्रासारखी खाली खाली चिकटवा, शेजारी बटण काढा, आणि आधी चिन्ह मग बटण हा क्रम रोज पाच मिनिटं करा. बीप वाजेपर्यंत बटण दाबून ठेवायचं, हेही शिकवा. कोणतं चिन्ह, ते त्याला ठरवू द्या.

आणि त्याच उमेदवारांना उलट विचारा : १८ वर्षांनंतर विशेष शाळा संपते, त्यानंतरच्या दिवसभराच्या केंद्राचं काय? तालुक्यात असं एकही केंद्र नसेल तर कधी होईल? आईवडिलांच्या पश्चात निवासाची सोय कोणती? खासदारकीचा उमेदवार असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्यविम्याची १ लाखाची मर्यादा वाढवण्याबद्दल विचारा. महाराष्ट्रात या प्रश्नांची उत्तरं जवळजवळ कोणत्याच पत्रकात सापडत नाहीत. या मुलांचे पालक सभेला जाऊ शकत नाहीत, मुलाला घरी कोणाकडे सोडणार? म्हणून हे प्रश्न कोणाच्या कानावरही पडत नाहीत. तुमच्यासारख्या आठ-दहा पालकांनी मिळून उमेदवाराला घरी बोलवावं, सभेला जाऊ नये.

एका सभेत उमेदवार 'हे आंधळं, लंगडं सरकार' असं वारंवार म्हणाले. तक्रार होऊ शकते का? (वाचक, लातूर)

निवडणूक आयोगाच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनांमध्ये नेमकं हेच आहे : भाषणांत, जाहिरातींत आंधळा, लंगडा, बहिरा, मुका, वेडा हे शब्द हिणवण्यासाठी वापरू नयेत. चित्रफितीसह आयोगाच्या 'सी-व्हिजिल' या तक्रारींच्या ॲपवर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तक्रार करा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा मात्र वेगळा. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमानित केलं किंवा धमकावलं, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. सरकारला दिलेली उपमा त्यात बसवणं कठीण. एखाद्या दिव्यांग विरोधकाच्या शरीरावर बोलले असतील, तर पोलिसांत जा.

प्रचारात व्हीलचेअर वाटताहेत. घ्यावी का? (वाचक, बीड)

मतांसाठी वस्तू देणं ही लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे लाचलुचपत आहे. शिवाय ती खुर्ची तुमच्या मापाची नसते. १८ इंची आसनाच्या खुर्चीत दहा वर्षांचं मूल एका बाजूला कलतं, पाठीचा कणा वाकतो आणि बसल्या जागी जखमा होतात. सरकारी शिबिरात आधीच मंजूर झालेलं साहित्य आचारसंहितेच्या काळात अडलं असेल, तर ते पुढाऱ्याच्या हस्ते कार्यक्रम न करता देता येईल का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा.

दिव्यांगांसाठी राखीव मतदारसंघ का नाहीत? मला नगरपालिका लढवायची आहे. (वाचक, जळगाव)

लोकसभा-विधानसभेत असं आरक्षण नाही, महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांतही नाही. छत्तीसगडने २०१९ मध्ये कायदा बदलून पंचायतीत निवडून आलेला दिव्यांग सदस्य नसेल तर एक नामनिर्देशित करण्याची तरतूद केली. तमिळनाडूने २०२५ मध्ये ग्रामीण आणि नागरी संस्थांत दिव्यांगांच्या नामनिर्देशनासाठी कायद्यात दुरुस्ती केली. आपल्या पक्षांना विचारायचं ते हेच : महाराष्ट्रात असा कायदा आणाल का, आणि तोपर्यंत किती दिव्यांगांना तिकीट देणार?

अनामत रकमेतही सवलत नाही. लोकसभेला २५ हजार आणि विधानसभेला १० हजार भरावे लागतात, निम्मी सूट फक्त अनुसूचित जाती-जमातींना आहे. तरी लोक लढले आणि जिंकले. साधन गुप्ता हे अंध वकील १९५३ मध्ये कोलकात्यातून लोकसभेवर गेले. पोलिओमुळे कुबड्या वापरणारे एस. जयपाल रेड्डी केंद्रात मंत्री होते. अर्ज भरण्याच्या दिवशीची तयारी मात्र आधी करा : निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं दालन वरच्या मजल्यावर असेल तर अर्ज खालच्या मजल्यावर स्वीकारण्याची विनंती निदान आठवडाभर आधी लेखी द्या आणि पोच घ्या. शेवटच्या दिवशी तीन वाजता लिफ्ट बंद पडली, तर पुढे सगळंच बंद होतं.

गोव्यात पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव होतो. म्हणजे तिथले उमेदवार जास्त जागरूक आहेत का? (वाचक, म्हापसा)

२०२३ मध्ये पणजीत पहिला फेस्ट झाला, त्याने विषय लोकांसमोर आणला आणि त्याचं मोल आहे. उमेदवाराला मात्र उरलेल्या दिवसांबद्दल विचारा : म्हापशाच्या बसस्टँडवरून व्हीलचेअर बसमध्ये चढते का, कर्णबधिर माणूस पंचायतीत आला तर खुणांची भाषा जाणणारं कोण आहे.

घरून मतदान कसं करायचं? (वाचक, चंद्रपूर)

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांवरच्या नागरिकांना ही सोय आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी भरून बीएलओ किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडायची. लोकांची चूक इथे होते : निवडणूक जाहीर झाल्याची तारीख आणि अधिसूचनेची तारीख वेगळी असते, पाच दिवस दुसरीपासून मोजायचे. मतदान पथक ठरलेल्या दिवशी घरी येतं आणि उमेदवारांचे प्रतिनिधीही सोबत येऊ शकतात. मत देताना मात्र त्यांना दूर उभं राहायला सांगा. एकदा १२-डी मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, म्हणून 'बघू, जमलं तर केंद्रावर जाऊ' असं असेल तर तो भरू नका. हे सगळं लोकसभा आणि विधानसभेसाठी आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या वेळी तालुक्याच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे वेगळी चौकशी करा, आणि मतदान केंद्र तळमजल्यावर आहे का ते त्याच फेरीत विचारून या.